चिंचवडचा संथ जॅझ

शाहूनगर, चिंचवड
रविवार, दुपार

प्रिय वर्षाली,

चिंचवडहून वाकडला पत्र पाठवणारी मी बहुधा एकटीच बाई असेन. रिक्षा केली तर पत्राच्या आधी मी पोचेन, हे मलाही कळतं. पण फोनवर मंडळाचा विषय निघाला की तुझा कुकर होतो, दारावर कुणीतरी येतं, नाही तर मीटिंग सुरू होते. समोरासमोर बसलो की तू मला पाण्याच्या टँकरचं सांगतेस आणि मी तुला गुडघ्यांचं. पत्राला ‘ठेवते गं आई’ म्हणता येत नाही, म्हणून पत्र. आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा चार पानं लिहिणं मला जड नाही. तुला वाचणं जड जात असेल तर आधी चहा करून घे आणि मग बस.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. येत्या गुरुवारी मंडळाचा कार्यक्रम आहे आणि तू क्लॅरिनेट घेऊन यावंस असं मला वाटतं. हे मनात ठेवून तुला गोड गोड बोलत राहायला मी काही मालिकेतली सासू नाही. करोनाच्या आधीपासून तू त्या हॉलची पायरी चढलेली नाहीस, आणि या वेळीही चढली नाहीस तर पुन्हा चढून उपयोग नाही. का, ते सांगते. पण माझ्या पद्धतीने सांगेन, मध्ये घाई करायची नाही.

मंडळ मजेत आहे. लॉकडाउनमध्ये लोकांच्या भिश्या बंद पडल्या, हास्यक्लब बंद पडले, आपलं ‘जुने जॅझ संगीत मंडळ’ मात्र टिकलं. त्यात कार्यवाहाचा वाटा मोठा आहे, आणि कार्यवाह मी आहे, म्हणजे हे मलाच सांगायला हवं. दर महिन्याचा दुसरा गुरुवार, विरंगुळा केंद्राचा हॉल, सगळं तसंच. बबनराव अजून अध्यक्ष आहेत. चऱ्होलीहून येताना तो सुझाफोनचा भलामोठा पितळी भोंगा गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवतात, आणि इथे आल्यावर अंगात घालून उभे राहिले की अजगराने धरल्यासारखे दिसतात. त्यांच्या शेतावर आता बारा मजली इमारती उभ्या आहेत, पण माणूस अजून गोठ्यातून उठून आल्यासारखा बोलतो, आणि म्हणून मला आवडतो. सत्काराची चालही त्यांनी सोडलेली नाही. शाल आणि नारळ झाल्याशिवाय पहिला सूर लागत नाही. मागच्या महिन्यात पाहुणाच मिळाला नाही, तर त्यांनी हॉलच्या वॉचमनचा सत्कार केला. वॉचमन भाषणाला उभा राहिला तो थांबेचना, शेवटी चिमाजीने बेंजोची तार छेडून त्याला खाली बसवलं.

तो बेंजो कसा आला, कार्टरसाहेब कसा आला, हे सगळं तुला पाठ आहे. तरी मी ते पुन्हा लिहिणार आहे, कारण बाबा सांगतात तेव्हा त्या गोष्टीतून स्वतःला वगळतात, आणि तू बाबांकडूनच ऐकलं आहेस. बाबा बार्शीकडचे. काकांच्या लग्नाच्या बँडमध्ये मिसरूड फुटायच्या आधीपासून कॉर्नेट वाजवायचे. इथल्या कंपनीत टूलरूमला लागले तेव्हा ट्रंकेत दोन शर्ट होते आणि एक कॉर्नेट होतं. खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली की टूलरूमचे चार-पाच जण वाजवायला उभे राहायचे, आधी आरती आणि मग सिनेमातली गाणी. तू बालवाडीत होतीस त्या वर्षी मशीन बसवायला अमेरिकेहून आलेला कार्टरसाहेब तिथे होता. लोक प्रसाद घेऊन पांगले, हा माणूस पेढा हातात धरून शेवटपर्यंत उभा. आमच्याकडे नदीकाठी एक शहर आहे, तिथे शंभर वर्षांपूर्वी अशीच माणसं वाजवायची, असं त्याने बाबांना सांगितलं. दिवसा कामाला जायचं, सुट्टीला बँड. एकाने पुढे राहायचं आणि बाकीच्यांनी मागे, असं नाही. सगळ्यांनी एकाच वेळी आपापलं वाजवायचं, आणि तरी कुणी कुणाच्या पायात यायचं नाही. बाबा घरी येऊन मला हे इतक्या वेळा सांगत होते की मी म्हटलं, अहो, भाकरी खा आधी.

परत जाताना कार्टरसाहेबाने आपला रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांची पेटी बाबांना देऊन टाकली. एका कागदावर वाद्यांची नावंही लिहून दिली. त्यात बँजो होता. आता आपल्याला बेंजो एकच माहीत, गणपतीच्या मिरवणुकीतला, बटणं दाबून वाजवायचा. बाबांनी चिमाजीला गाठलं. तिकडचा बँजो वेगळा असतो, गिटारसारखा, हे कळेपर्यंत चिमाजी मंडळात इतका मुरला होता की त्याला काढायची कुणाची छाती झाली नाही. आणि खरं सांगते, मला तो नसलेला जॅझ सुना सुना वाटतो.

रेकॉर्ड प्लेअरचंही तसंच झालं. अमेरिकेतलं यंत्र आपल्याकडच्या विजेवर जळतं, एवढं बाबांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ट्रान्सफॉर्मर बसवला. तबकडी फिरली, सूर निघाला, सगळे खूश. मग मंडळ निघालं, आणि पुढची वीस वर्षं ते त्या तबकड्या ऐकून वाजवत राहिलं. कसं वाजायचं ते! संथ, भारदस्त, कुणालाच कुठे जायची घाई नसल्यासारखं. माझ्या भाकऱ्या त्या लयीत व्हायच्या. एका तबकडीवरचा गायक तर सगळ्यांचा लाडका होता. खर्जातला, जड आवाज, जन्माचं दुःख भोगून आल्यासारखा. बबनराव त्याला बुवा म्हणायचे. पावसामुळे तालीम रद्द झाली तरी बबनराव गाडी काढून आपल्याकडे यायचे आणि बाबांना म्हणायचे, ‘मालोजी, बुवा लाव.’

तू चौथीत होतीस तेव्हा बाबांनी तुला क्लॅरिनेट आणून दिली. मुलीच्या जातीने वरातीतलं वाद्य वाजवायचं म्हणून माझ्या माहेरच्यांनी नाकं मुरडली. बाबांनी कुणाचं ऐकलं नाही. संध्याकाळी गॅलरीत तुम्ही दोघं बसायचात, त्यांचं कॉर्नेट सरळ चालायचं आणि तू त्याच्याभोवती बागडायचीस, कधी पुढे, कधी मागे. मी आतून ऐकायची. मला संगीतातलं काही कळत नाही, पण घरात सगळं ठीक आहे हे मला त्या आवाजावरून कळायचं. तो आवाज बंद झाल्यापासून मला किती चुकल्यासारखं होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

मोबाइल आले तेव्हा तीच गाणी त्यावर सापडली, पण भरभर वाजणारी, वरच्या पट्टीतली. कुणाला शंका यायला हवी होती. बबनराव म्हणाले, ‘ही नव्या पोरांची घाई हाय. जुनं आसं नसतंय.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. सवय अशी असते की आपलं चुकलं असेल हे शेवटी सुचतं, आधी सगळं जग चुकलेलं दिसतं.

सुचलं फक्त तुला, आणि तू ते लॉकडाउनच्या आधीच्या डिसेंबरात मंडळाच्या विसाव्या वाढदिवसाला माइक घेऊन सांगितलंस. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि अमेरिकेतली साठ. ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब बदलतो, हेलकावे बदलत नाही. म्हणून साहेबाचं यंत्र इथे आल्या दिवसापासून हळू फिरतंय, आणि हळू फिरतंय म्हणून सूरही खाली उतरलाय. मलासुद्धा समजलं, इतकं सोपं करून सांगितलंस. मग तू मोबाइलवर तेच गाणं खऱ्या वेगाने लावलंस, आणि बबनरावांच्या बुवांची एकदम बाई झाली. सगळा हॉल हसून लोळला. बबनराव सगळ्यांत जास्त हसले, शालीने डोळे पुसत. तू हसत होतीस आणि बाबांकडे बघत होतीस. शाळेत बक्षीस मिळालं की धावत यायचीस, तसा तुझा चेहरा होता. तू त्यांना खाली बघायला लावायला उभी राहिली नव्हतीस, त्यांना दाखवायला उभी राहिली होतीस. मला ते तिथेच कळलं.

त्यांना नाही कळलं. त्यांनी कॉर्नेट पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटीची कडी लावली. येताना रिक्षात तू म्हणालीस की वीस वर्षं चुकीचं वाजवलं, बाबा, आता तरी वेग बदला. ते म्हणाले, ‘तुला बरोबर वाजवायचं आसंल तर बरोबर ठिकाणी जाऊन वाजव.’ झालं. दुसऱ्या दिवशी क्लॅरिनेट तुझ्याबरोबर वाकडला गेली. मग लॉकडाउन लागलं, आणि जे चार दिवसांत मिटलं असतं ते मुरलं. तू दिवाळीला येतेस, त्यांच्या वाढदिवसाला शिरा करतेस, ते तुला ‘सावकाश जा’ म्हणतात. सगळं अगदी व्यवस्थित. घरातली माणसं एकमेकांशी इतक्या आदराने वागायला लागली की मला धास्ती वाटते. पूर्वी तुम्ही दोघं भांडायचात तेव्हा मी निवांत झोपायची.

बरोबर कोण होतं हा प्रश्न मला कधी पडला नाही. तू बरोबर होतीस. पण मंडळ पुढेही हळूच वाजवत राहिलं, आणि सगळ्यांना वाटलं, मालोजीरावांचा हट्ट. तुलाही अजून तेच वाटत असणार. नवऱ्याचे हट्ट मला नवीन नाहीत, तेव्हा मलाही तेच वाटत होतं, अगदी गेल्या श्रावणापर्यंत.

दुपारी जेवण झालं की ते आतल्या खोलीचं दार लावून घेतात. मला वाटायचं, झोपतात. त्या वेळात मी विरंगुळा केंद्रात बायकांना मोबाइलवरून गॅसचा नंबर कसा लावायचा ते शिकवत असते. श्रावणात एकदा तिथली वीज गेली म्हणून लवकर परत आले. दार उघडलं तर आतल्या खोलीतून कॉर्नेट ऐकू येत होतं. वाद्याच्या तोंडाशी वाटी धरून आवाज दाबलेला होता, तरी माझ्या नवऱ्याचं कॉर्नेट मला ओळखता येतं. भरभर वाजत होतं. थोडं नीट जायचं, मग अडखळायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा त्याच जागी अडखळायचं. नववीतली ढ मुलं कविता म्हणताना अशी अडायची, तेव्हा मी त्यांना खाली बसवायची. इथे काय करावं मला कळेना. मेथीची जुडी घेऊन मी दाराशी जमिनीवर बसले.

मग तबकडी लागली आणि बाई गायला लागली. तुझ्या मोबाइलमधली बारीक आवाजाची नव्हे. आपल्याच यंत्रावरची, त्याच खरखरीतून आलेली, पण मोकळी, खट्याळ, कुणाच्या बापाला न भिणारी. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण ती कुणाची तरी खोड काढत होती एवढं कळलं. वीस वर्षं आपण जिला दुःखाने जड झालेली समजत होतो तिला दुःख-बिख काही नव्हतं गं. मी मेथी निवडायची थांबले आणि एकटीच हसत बसले. तेवढ्यात दार उघडलं. मला बघून ते दचकले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, ‘ऐकलंस? बाईच हाय ती. वर्षा बोलली ती खरं हाय.’

त्या दिवशी मी त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. तू वाकडला गेलीस त्याच आठवड्यात हे भोसरीला एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये गेले होते. मोटारीच्या दांड्यावर चढवायला पितळेची टोपी लेथवर काढून आणली. दांडा जाड झाला की तबकडी जोरात फिरते, एवढंच काम. तुझं बोलणं त्यांना चार दिवसांत पटलं होतं, आणि पटल्यावर त्यांनी यंत्र एका दुपारीत दुरुस्त केलं. पुढचं मात्र दुरुस्त होईना. तो खरा वेग बोटांत बसवायला ते तेव्हापासून रोज दुपारी दार लावून बसत होते. ‘बसंना,’ म्हणाले. पेरं सुजलेली असतात, जीभ पूर्वीसारखी उचलत नाही. ‘पन्नाशीत कळलं आसतं तर बसवला आसता,’ म्हणाले, आणि माझ्या हातातली मेथी घेऊन निवडायला लागले. तो हट्ट नव्हता, वर्षा. त्यांना येत नव्हतं. आणि ‘मला येत नाही’ हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून मी लग्नापासून ऐकलेलं नाही, त्या दिवशीही ऐकलं नाही. ‘बसंना’ म्हणाले, म्हणजे दोष वेगाचाच.

मला तिथल्या तिथे तुला फोन करायचा होता. त्यांनी अडवलं, म्हणाले मीच सांगतो. दिवाळीला तू आलीस. मी मुद्दाम स्वयंपाकघरात दोनदा जास्त वेळ काढला. बाहेर कान लावला तर हे तुला विचारत होते, वाकडला पाणी येतं का रोज. मी करंज्यांचं ताट जरा आपटूनच ठेवलं, तुला आठवत असेल.

आता या महिन्याची बातमी. मंडळात दोन नवीन मुलं यायचं म्हणतात. निरंजन ट्रॉम्बोन वाजवतो आणि रुपाली ट्रम्पेट. दोघंही तुमच्या वाकडचीच, नोकरी माणला, आयटी कंपनीत. तालमीला आली आणि खऱ्या वेगाने असं काही वाजवलं की हॉलमधल्या म्हाताऱ्यांचे पाय चपलांतून बाहेर आले. त्यांच्यासारखी आणखी पाच-सात जण तयार आहेत म्हणे. अडचण एकच, गुरुवार. गुरुवारी भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुट्टी, म्हणून मंडळाने गुरुवार धरला, तो आपल्याला पंचांगातला वाटायला लागला. या मुलांची सुट्टी शनिवार-रविवार. गुरुवारी ती रात्रीपर्यंत ऑफिसात अडकलेली. निरंजनने फार नम्रपणे विचारलं, काका, शनिवार करता येईल का, आणि सभा पेटली. बबनराव उठून उभे राहिले. ‘आमी सगळी गुरुवारची माणसं. गुरुवार सोडायचा न्हाई. आन् ह्यो येग बी आमचा न्हाई. दम लागतो राव.’ चिमाजी त्यांच्या बाजूने. कुणी म्हणालं, मुलांनी वेगळं मंडळ काढावं. निरंजन आणि रुपाली बॅगा आवरायला लागली. मी कार्यवाह, मला मत नाही. पण ती दोघं दारातून बाहेर गेली असती तर आणखी चार वर्षांनी सुझाफोन उचलायला माणूस उरला नसता, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला दिसत होतं आणि बोलायचं कुणालाच नव्हतं.

मग बाबा उठले. सभेत ते कधी बोलत नाहीत, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या. म्हणाले, ‘शनिवार करा. आन् ह्या पोरांच्या येगानं वाजवा, तोच खरा येग हाय. माझ्या वर्षानं हितंच उभं राहून सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाई.’ बबनरावांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. इतकी वर्षं शेजारी उभं राहून वाजवलंय, बोटं त्यांनाही दिसतात. म्हणाले, ‘मालोजी, मग तुझं काय?’ बाबा म्हणाले, ‘मी ऐकंन की.’ आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बबनरावांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी उठून बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘न्हाई न्हाई म्हनत मी बी शिकंन ह्या वयात. तुझ्यामुळं मरायची पाळी हाय.’ कार्यवाहाने सभेत रडायचं नसतं. मी ठराव लिहिला, खाली रेघ मारली, आणि चहा सांगायला म्हणून बाहेर गेले ते डोळे कोरडे झाल्यावर आत आले.

तेव्हा येता गुरुवार हा मंडळाचा शेवटचा गुरुवार. पहिला भाग जुन्या माणसांचा, जुन्या वेगाने. मग चहा. मग निरंजन, रुपाली आणि त्यांची मित्रमंडळी, एवढ्या एका गुरुवारी रजा टाकून. बाबा पहिल्या भागात वाजवणार आणि चहानंतर पहिल्या रांगेत बसणार. हे त्यांनी घरी मला सांगितलं नाही, पण सभेत सांगितलं तेवढ्यावरून मला कळलं. परवा कॉर्नेट घासायला बसले होते. मी म्हटलं, वाईट वाटतंय का? म्हणाले, वाटतंय. एवढंच. मला बरं वाटलं की म्हणाले तरी. आम्ही काही रडत बसलेलो नाही. गुरुवारचा हॉल भरणार आहे, वॉचमननेही आपल्या बायकोला आणायचं ठरवलंय. या वेळचा सत्कार बाबांचा आहे. बबनरावांनी तो गुपित ठेवायला सांगितलाय आणि स्वतः सगळ्या चऱ्होलीला सांगून आलेत.

आता हे पत्र का लिहिलं ते. तू यावंस असं मला वाटतं, असं मी वर म्हटलं, ते खरंच आहे. पण नुसतं मला वाटत असतं तर मी लिहीत बसले नसते, वाकडला येऊन तुला दंडाला धरून आणलं असतं. काल सकाळी बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, वर्षाला एक पत्र लिही. मी म्हटलं, फोन लावून देते, तुम्हीच बोला. तर म्हणाले, ‘फोनवर ती लगीच हो म्हणंल, न्हाईतर लगीच न्हाई म्हणंल. तिला इचार करू दे.’ काय लिहू, विचारलं. त्यांनी गॅलरीकडे बघितलं. मग म्हणाले, ‘लिही, क्लॅरनेट घिऊन ये. तुझा येग बरोबर हाय, तो शनिवारपासनं वाजव. गुरुवारी एक डाव माझ्यासंगं हळू वाजव.’ त्यांचं वाक्य मी होतं तसं उतरवलंय, एक शब्द सुधारलेला नाही, आणि मराठीच्या बाईला ते किती जड जातं ते तुला माहीत आहे. विचार करायला त्यांनी सांगितलंय, मी नाही. पत्रिका छापून झाल्या आहेत आणि पहिल्या भागात बाबांच्या नावाशेजारी तुझं नाव आहे. हळू वाजवायला फुंकर लांब लागते, तेव्हा आजपासून सरावाला बस. गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाक आणि साडेचारलाच निघ, डांगे चौकात फार गर्दी असते.

तुझीच,
आई